दोन पंपांना एक वॉल्व्ह

देवळात दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणताना जरा जपून. माझं काय झालं ते ऐका.

देवगडला बाबलची आणि माझी हापूसची बाग लागून. विहिरी दोन, पंप दोन, पण वरच्या टाकीला जाणारा पाइप एकच. फिटर म्हणाला होता, "पाणी उलट येव नये म्हणान दोनय पंपांक वेगळो वॉल्व्ह लावा." बाबल म्हणाला, "पाइप एक, तर वॉल्व्ह दोन कित्याक?" मलाही पटलं. दोघांचे पाइप जुळतात त्याच्या पुढे एकच लावला.

यंदा एप्रिलात बाबलची विहीर आटली. त्याने पंप बंद केला, नवी कलमं माना टाकू लागली. देवळात त्याने पाण्यासाठी गाऱ्हाणं घातलं, तेव्हा मागे उभा राहून 'व्हय म्हाराजा' म्हणणारा मी. आठवड्यात त्याच्या विहिरीत पाणी! तो ते घागरीने कलमांना घालू लागला. माझा पंप मात्र दिवसभर चालूनही टाकी भरेना.

फिटर आला, माझा पंप चालू करून बाबलच्या विहिरीत डोकावला. "हय बघा. तुमचा पाणी टाकीत चढतच नाय, ह्याच्या बंद पंपातसून खाली उतारता."

बाबलने माझा हात धरला. "गाऱ्हाणां देवाक घातलंय, पण ऐकलंस तू. माझी कलमां जगली रे."

फिटरने पिशवीतून दोन नवे वॉल्व्ह काढले, तसा बाबल ओरडला, "ते उद्या लाव! आज माझो पंप चालू, ह्याचो बंद. ज्या वाटेन इला, त्याच वाटेन ह्याचा पाणी परत जावंदे!"

मी आणि फिटर एकदमच म्हणालो, "व्हय म्हाराजा!"