देवाले माप सांगायचं राह्यलं

...आता हसू नका बरं बायांनो! त्या दिवशी हात वर केला का कळ, खाली केला का कळ, चोळीचं बटन लागे नाई, दोन्हीकडून छाती दगडावाणी टणक, अन् सासूबाई म्हणतात, "नलू, आळिवाचा लाडू खाय!" लाडवानं दूध वाढते का उतरते, तुम्हीच सांगा! पण बोलू कोणाले? मागितलं कोणी? मीच!

तुम्हाले सांगते, आणीबाणीच्या साली थोरला झाला, तव्हा मले दूधच पुरे नाई... शेजारची शेळी म्हणजे त्याची दुसरी माय! म्हणून ह्या खेपेले महादेवापुढं पदर पसरला, "देवा, भरपूर दूध दे, सोळा सोमवार करीन." पोरगी झाली. सासूबाई म्हणे, "पहिला चीक लेकराले द्यायचा नाई, आपल्यात चाल नाई." तीन दिवस गुळाच्या पाण्याचा बोळा! अन् चौथ्या दिवशी देवानं ऐकलं... असं ऐकलं, असं ऐकलं, का अंगात ताप भरला! पोरगी तोंड लावे, तिले धरताच ये नाई, भुकेनं लालबुंद! ती रडून राह्यली, मी रडून राह्यली, अन् सासूबाई लाडू वळून राह्यल्या! देवाले दोष नाई देत मी, माप सांगायचं माझंच राह्यलं. मागितलं कोणी? मीच!

शेवटी ह्यांनी बैलगाडी जुंपून सिंदीहून लीना नर्सबाईले आणलं. तिनं पाहून कपाळावर हातच मारला! "अहो, तीन दिवस पाजलंच नाही? मग तुंबणार नाही तर काय? गरम पाण्यात फडकं बुडवून आणा. शेका, अन् थोडं हातानं काढा, पुढचा भाग मऊ झाला की बाळ धरेल. दर दोन तासांनी पाजा, दोन्हीकडून... मग गार फडकं!"

वाटीत धार पडली, अन् सासूबाई कडाडल्या, "अवो बाई, नवसाचं दूध सांडता काऊन?"

"मग काय आजी, फुटेपर्यंत साठवायचं?"

सासूबाईंनी वाटी उचलून तुळशीत ओतली. अन् इकडं पोरीनं असं घट्ट धरलं, गटागटा... काय सांगू, छातीवरचं ओझं उतरणं म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं!

काल सोयर फिटलं. सासूबाई नारळ घेऊन महादेवाले गेल्या. म्हटलं, हात जोडायले गेल्या असतील बिचाऱ्या. येऊन म्हणतात कशा, "नलू, बोलून आली मी! म्हटलं, देवा, दूध आटू देऊ नको, याच्या दुप्पट दे, सून आणखी सोळा सोमवार करते!"

आता बोला! मागितलं कोणी? ह्या खेपेले मी नाई!

...पण फडक्यासाठी पाणी तापायले मीच ठेवलं.