मुळ्याची नवी जात

हसू नका, पण सांगतो. तवा मी आंजीहून बैलबंडीत मुळे भरून सेलूच्या बाजारात विकत होतो. मुळा कवळा आहे हे दाखवाले गिऱ्हाइकासमोर चावायची मले सवय. एकदा चावला, तर पांढऱ्या मुळ्यावर लाल डाग.

“हे लाल काऊन?” एका मावशीनं विचारलं.

“नवी जात आहे, आतून लाल निघते,” मी म्हटलं. दुसरा चावला, तोही लाल.

बाजूले बसलेल्या बायकोनं तिसरा चावला. पांढराशुभ्र.

“मुळा चांगला आहे, मावशी. आमच्या यायच्याच हिरड्या सुजल्या. महिन्यापासून दात घासताना रक्त येऊन राह्यलं, तरी म्हणतेत कडुलिंबाची काडीच कडक आहे.”

बायकोनं मले दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आले म्हणून दात वाचले. तवापासून मुळा बायको चावते. मी तोंड मिटून तराजू धरतो.