स्थळदर्शन

—नाही, तुम्ही बसा, मला बसायचं नाहीये. एवढा मनोरा चढून धाप लागली असेल. मला नाही लागली, मी रागात होते — रागात जिना कळत नाही. तर काय सांगत होते — हां, आत्या! आठवडाभर घोकत होती, "रविवारी एक छान स्थळ बघायला जायचंय, नीट कपडे घाल." आणि मी शहाणी, जुन्या इमारतींवर प्रबंध लिहिलेली, मी विचारते काय — "किती जुनं आहे गं?" आत्या म्हणते, "जुनं कसलं, अजून तिशीही उलटली नाही!" तरी ट्यूब पेटली नाही हो माझी! मला वाटलं, डागडुजीचं म्हणतेय. फाटकाशी तुमची आई दिसली, शेजारी इस्त्रीची घडीही न मोडलेले तुम्ही — तेव्हा कळलं, स्थळ कोणतं ते. हसू नका. बरं, हसा. काका म्हणाले, "दोघं वर जाऊन नीट बघून या" — आणि सगळे जिन्याच्या तोंडाशी सतरंजी टाकून बसले. जिना एकच. याला सहल नाही म्हणत, पहारा म्हणतात.

हे बघा, तुम्ही वाईट आहात असं नाही. तुम्ही कसे आहात तेच माहीत नाही — तोंड उघडाल तर कळेल ना! माझं एवढं काम करा. खाली जाऊन सांगा, मुलगी पसंत नाही. उंची कमी म्हणा, आवाज मोठा म्हणा — तो आहेच. माझ्या 'नाही'ला आमच्या घरात 'लाजतेय' म्हणतात. तुमच्या 'नाही'ला नकार म्हणतात. का म्हणजे? उद्या मला नोकरीवर रुजू व्हायचंय. जुन्या इमारती दुरुस्त करतात ते लोक — भिंतीत रुजलेली झाडं काढायची, दगडांचे सांधे चुन्यानं भरायचे. बाबा म्हणाले, "गवंड्याच्या हाताखाली जायला शिकवलं का तुला?" आणि माझी प्रमाणपत्रं कपाटात टाकून कुलूप लावलं. आज सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा काढली मी. या पर्समध्ये आहेत. तुम्ही नकार दिलात की आत्या रडणार, सगळे तिच्याभोवती जमणार, तेवढ्यात मी मागच्या फाटकानं — समोरच बस थांबते — हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही गप्प आहात म्हणून. समोरचा गप्प असला की मी वाहवत जाते.

थांबा. खिशात उजेड कसला तो? दाखवा. दाखवा म्हणतेय ना!

'आई'. — फोन चालूच आहे? जिना चढायच्या आधीपासून? "तू बोलू नकोस, तिला बोलू दे," असं सांगितलं होतं ना त्यांनी? आणि मान डोलावतोय वर! — नमस्कार काकू. आवाज सगळ्यांना येतोय ना तिकडे? आत्या, रडू नकोस, इथवर ऐकू येतंय. बाबा कुठायत?

निघाले? वर?

सरक. हात देऊ नकोस मला, तू उतर. भिंतीला लागून उतर, जिना अरुंद आहे, त्यांना वाट दे. मी नाही येत खाली. येऊ देत त्यांना. गुडघे दुखले तरी येऊ देत — एकदा तरी त्यांना माझ्यापर्यंत चढावं लागू दे. आता काय बघतोस? बघून झालं ना? जा.