कलावतीबाईंची हाक

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. शब्द एकानं दिला. पाळत होतं दुसरंच माणूस. आणि त्या दुसऱ्याला तिसऱ्यानं घरी बसवलं. आता सांगा — शब्द मोडला कुणी?

विट्याला शिवलिंग कोरे नावाचे दुकानदार. कोंबड्यांच्या शेडात बसवायचं एक यंत्र विकायचे. शेड तापलं की ते यंत्र मालकाला फोन करतं. नुसती घंटी नाही — बोलतं! यंत्र पुण्याच्या कंपनीचं, विक्री कोऱ्यांची.

सोमवारी कोऱ्यांनी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, आणि मोबाईलवर कंपनीचा निरोप आला. 'पुनर्रचना.' कोऱ्यांना वाटलं, नवीन ऑफिस बांधतायत! हसू नका — तुम्हाला तरी काय वाटलं असतं? निम्मी माणसं काढली, याला असं गोड नाव असतं, हे विट्याला काय ठाऊक?

एवढ्यात हणमंतराव साळुंखे आले. जुनं गिऱ्हाईक, पोल्ट्रीवाले. गाडी तशीच भिंतीला टेकवली, फोन काउंटरवर ठेवला.

"अण्णा, ती बोलंना झाली."

"कोण?"

"कलावती."

कोरे बघतच राहिले. हणमंतरावांच्या बायकोला, कलावतीबाईंना, जाऊन वर्ष झालेलं!

थांबा, भुताची गोष्ट नाही. कोऱ्यांची एक रीत होती. यंत्र बसवलं की नारळ फोडायचा, आणि घरच्या बाईनं त्यात आपला आवाज भरायचा. कलावतीबाई आधी लाजल्या. मग म्हणाल्या, "अवो, शेडात उकडतंय. पंखं बघा आधी, पेपर मागनं वाचा." सगळे हसले. फोन आला की हेच ऐकू यायचं. बाई गेल्या, फोन येत राहिला. तेराव्याला कोऱ्यांनी हणमंतरावांचा हात धरून शब्द दिला — "वहिनींचा आवाज कुठं जात न्हाई. मी हाय."

"काल फोन आला," हणमंतराव म्हणाले, "कुणी परकीच बाई. 'कृपया तापमान तपासा' म्हणती. माझी कलावती मला कृपया म्हणंल व्हय?"

कोऱ्यांनी पुण्याला मृण्मयीला फोन लावला. कंपनीत यंत्रांची देखभाल बघणारी मुलगी. फोन स्पीकरवर.

"कोरेकाका, मला शुक्रवारी काढलं. चहा घेऊन आले, तर लॅपटॉप उघडेना."

"अगं, पण साळुंख्यांचा आवाज?"

ती म्हणाली, "काका, भर थंडीत त्यांचं शेड तापायचं. रोज संध्याकाळी. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मग लक्षात आलं."

हणमंतराव खाली बघत म्हणाले, "देवापुढचा दिवा नेऊन धरायचो, ती तापमान मोजायची काडी असती ना, तिच्याजवळ. जरा ऊब लागली, की बोलायची."

मंडळी, बाकीचं मृण्मयीनं सांगितलं.

कंपनीनं सगळ्या यंत्रांत एकच आवाज घालायचं ठरवलं होतं. तो पाठवायच्या प्रत्येक वेळी मृण्मयी हे एक यंत्र यादीतून आपल्या हातानं बाजूला ठेवायची. कुणाला न सांगता. ती शुक्रवारी गेली, शनिवारी नवा आवाज साळुंख्यांच्या शेडातही पोचला. बाजूला काही ठेवायचं असतं, हे मागं उरलेल्यांना माहीतच नव्हतं!

"पुसला का गं?" कोऱ्यांनी विचारलं.

"नाही काका. कंपनीच्या कॉम्प्युटरवर, जुन्या साठ्यात आहे. पण मला आता आत जाता येत नाही. आतल्यांना सांगून बघितलं. जो तो म्हणतो, ते काम माझ्याकडं नाही."

तेव्हा कोऱ्यांच्या ध्यानात आलं. शेडातल्या डब्यात आवाज आहे, असं समजून आपण शब्द दिला. डबा शेडात, आवाज पुण्यात, आणि त्याची राखण एका मुलीच्या मनात!

हणमंतराव उठले. "पक्ष्यांचं पाणी बघायचं हाय," म्हणाले. फोन काउंटरवरच राहिला. तो न्यायला ते परत आले नाहीत.

आता बोला, शब्द मोडला कुणी? कंपनी म्हणेल, आम्ही दिलाच नव्हता. खरंच आहे की! पण इथं चार माणसं हाताखाली असलेले बरेच बसलेत. माणूस काढताना तुम्ही चाव्या मागून घेता. त्याला कधी विचारता का — बाबा रे, तू कुणाकुणाचं काय जपत होतास?

कोरे पुण्याला जाऊन आले. कंपनीच्या दारावरच्या माणसानं नाव लिहून घेतलं, तेवढंच.

कलावतीबाईंचा आवाज त्या साठ्यात आहे. तो अजून कुणी काढून दिलेला नाही.