शेवटची सोळा पानं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य, समोरचे वाचक बंधू आणि भगिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण वाचनालयाच्या या हॉलमध्ये जमलो आहोत त्या आपल्या ग्रंथपाल बाई, सर्वांना माझा नमस्कार.

मागे ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा. हा माईक जवळ घेतला की मी भांडतोय असं वाटतं आणि लांब धरला की माझं मलाच ऐकू येत नाही.

मला सगळे खळकाका म्हणतात. एकतीस वर्षं मी या वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवली, खळ लावली, पुठ्ठे चढवले. शाळा चौथीत सुटली. सूनबाईंनी मला एक भाषण लिहून दिलं आहे, त्यात 'ज्ञानाची अखंड ज्योत' वगैरे आहे. बाईंना ते शोभतंही. पण ते वाचून खाली बसलो तर पुन्हा उभं राहण्याची हिंमत मला होणार नाही. बाई आज पाच वाजता चाव्या देऊन जाणार. तेव्हा जे बोलायचं ते आत्ताच. अध्यक्षसाहेब, पाच मिनिटांचं बंधन मला माहीत आहे. थोडी सवलत असू द्या.

नऊ वर्षांपूर्वीची ती कादंबरी किती जणांना आठवते? मठाची. मठाच्या तळघरात एक जुनी पोथी सापडते, ती उघड झाली तर साऱ्या श्रद्धेचा पायाच खचेल, आणि जो जो ती वाचतो तो मरतो. हसताय म्हणजे आठवते आहे. दोन प्रती होत्या आणि दोन्हींना महिना महिना नंबर लागायचा. बाईंनी तेव्हा दर शनिवारी वाचकमंडळ चालवलं होतं. वीस-पंचवीस माणसं एक पुस्तक वाचायची आणि इथे बसून बोलायची. मी कोपऱ्यात डकवाडकवी करत ऐकायचो. माझं शिक्षण म्हणाल तर तेवढंच.

त्या शनिवारी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपले ड्रिल मास्तर, देवभोळा माणूस, पण आवाज मैदानावरचा. ते उठले आणि म्हणाले, "पोथी जाळतो आणि वर हसतो? मठाचा प्रमुखच खुनी? आणि याला तुम्ही साहित्य म्हणता?"

मास्तरांचे जुने मित्र, आपले घड्याळवाले, म्हणाले, "अहो मास्तर, ते का हसले ते पुढे आहे ना! पोथी खोटी होती. मठ बुडवायला निघालेल्या टोळीनंच ती लिहिली होती, खूनही तिचेच. बिचाऱ्या मठप्रमुखांनी ती जाळली आणि त्यापायी जीव दिला. याहून धार्मिक माणूस कुठे मिळणार तुम्हाला?"

"पुढे कुठे? पुढे पुठ्ठा आहे!"

"तुम्ही पुस्तक पुरतं वाचलंच नाही."

"शब्दन् शब्द वाचलाय. तुम्ही मनाचं रचून सांगताय. माझी समजूत काढायला, लहान मुलासारखी!"

सगळे हसले. मीही हसलो. मग अर्धे इकडे, अर्धे तिकडे. एक म्हणे हे पुस्तक म्हणजे धर्माची निंदा, दुसरा म्हणे धर्माची बाजू इतकी कुणी मांडली नाही. बाई म्हणाल्या, पुढच्या शनिवारी पुस्तक समोर ठेवून वाचू. पण पुढचा शनिवार आलाच नाही. मास्तरांनी चौतीस सह्यांचा अर्ज दिला. दोन्ही प्रती परत मागवून, सुतळीनं बांधून, कपाटात कुलूपबंद झाल्या. वाचकमंडळ बंद झालं. बाईंकडून पुस्तकं निवडण्याचं काम काढून घेतलं आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं की ग्रंथपालांनी वाचकांच्या भावनांची पर्वा केली नाही. ज्या बाई वाचकाचा चेहरा बघून पुस्तक काढून द्यायच्या, त्या नऊ वर्षं तारखेचे शिक्के मारत बसल्या.

आता ऐका. पाणी द्या जरा.

त्या दोन प्रतींपैकी एक माझ्याकडे बांधणीला आली होती. पानं सुटली होती. पुस्तक सोळा सोळा पानांच्या घड्यांचं असतं. आम्ही एकेका घडीला फर्मा म्हणतो. शेवटच्या फर्म्याची घडी फाटली होती. तिला मी पातळ कागद लावला आणि वाळायला म्हणून फळी आणि वजनाखाली वेगळी ठेवली. बाकीचे अठरा फर्मे शिवले, पुठ्ठा चढवला, कणा दाबला आणि पुस्तक देऊन आलो.

शिवण्याआधी पानांचे आकडे मोजायचे हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. त्या दिवशी मी मोजले नाहीत. बाईंनी घाई केली होती का? मुळीच नाही. "सावकाश द्या हो, काका," असंच म्हणाल्या होत्या. पण माझा स्वभाव हा असा. उशीर झाला की वाटतं, आता काम दुसऱ्याकडे जाणार. काळजीपोटीच मी घोळ घातला.

आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी नंबरचं पान कुठे संपत होतं? "मठप्रमुखांनी पोथीचं शेवटचं पान दिव्यावर धरलं आणि ते हसले." पूर्णविराम. वाक्य अर्धवट असतं तर कुणीतरी ओरडत आलं असतं. पण हल्लीचे लेखक असेच संपवतात, असं म्हणून लोकांनी पुस्तक मिटलं.

घड्याळवाले, तुम्ही उभे राहिलात. बसा. तुमचं बरोबर होतं. मास्तरांचंही बरोबर होतं. दोघांनी आपापलं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं.

तो फर्मा मला सापडला, अर्ज होऊन महिना झाल्यावर, फळी उचलली तेव्हा. सोळा पानं, छान सपाट झालेली. मी तिथेच बसून वाचली. आयुष्यात एका बैठकीत मी एवढंच वाचलं आहे.

मग मी काय केलं? काहीही नाही. त्याच आठवड्यात बाई माझ्या दुकानी आल्या होत्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही तिथे होतात. माझं कुठे चुकलं हो? मला पुस्तक नीट समजावता आलं नाही का?" फर्मा त्यांच्या हाताच्या अंतरावर, फडताळात होता. मी म्हणालो, "बाई, लोकच तसे." आणि खळ ढवळत राहिलो.

एकदा धीर करून मास्तरांच्या घरी गेलो, फर्मा पिशवीत घालून. दुपारची वेळ. त्यांनी चहा दिला. आपणहून विचारलं, "तो घड्याळवाला दिसतो का हो? बरा आहे ना?" म्हटलं, बरे आहेत. म्हणाले, "चाळीस वर्षं एका बाकावर बसलो, खळकाका. भांडला असता तर चाललं असतं. तोंडावर खोटं बोलला, ते जात नाही मनातून." एवढं दार उघडं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मास्तर, तुमचं हे प्रार्थनेचं पुस्तक खिळखिळं झालंय, नेऊ का बांधायला?" नेलं. पानं तीनदा मोजली. बांधून परत दिलं. आणि फर्मा माझ्याकडेच राहिला.

मास्तर गेल्या वर्षी गेले. आपला मित्र खोटारडा, असं समजून गेले. घड्याळवाले तेव्हा दारापर्यंत आले आणि आत न जाता परत फिरले. मी मागे उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. आता त्यांना कुठे जाऊन सांगू?

बाई, ही ती सोळा पानं. टेबलावर ठेवतो. तुम्ही पुस्तक चुकीचं निवडलं नव्हतं, चुकीचं समजावलंही नव्हतं. तुम्ही ज्या पुस्तकाबद्दल बोलत होता ते अर्ध्या लोकांच्या हातात नव्हतंच.

अध्यक्ष महोदय, माझी एक विनंती आहे. बाईंना शाल आपण घालणारच. पण त्याआधी, त्या चाव्या ठेवण्याच्या आत, ते नऊ वर्षांपूर्वीचं इतिवृत्त मागवा. ती ओळ खोडा आणि तिथे लिहा की चूक बांधणाऱ्याची होती. सही मी करतो. सही मला नीट येते.

मला बोलू दिलंत, मधे थांबवलं नाहीत, याबद्दल सभेचे मनापासून आभार. बोलण्यात पुढचं मागे झालं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर म्हातारा समजून सोडून द्या. पण त्या दुसऱ्या गोष्टीसाठी, इतकी वर्षं गप्प राहिलो त्यासाठी, टाळ्या वाजवून मला मोकळं करू नका. ती माफी सभेनं द्यायची नाही. बाईंनी आणि घड्याळवाल्यांनी द्यायची, वाटली तर, आणि वाटेल तेव्हा. मास्तरांची तर राहिलीच.

मी खाली बसतो.