एका बाजूच्या तीन चकत्या

नाव व पत्ता वरच्या रकान्यात लिहून घेतला आहे. वय ५३ वर्षे. धंदा नोकरी, ताडपत्री शिवण्याच्या कारखान्यात शिलाई मशीनवर, एकवीस वर्षे. पती अकरा वर्षांपूर्वी वारले. घरात मी आणि माझ्या सासूबाई, वय ७९, अशा दोघीच राहतो. घर तळमजल्यावर असून सासूबाईंच्या नावावर आहे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, माझे धाकटे दीर, वय ४९, धंदा नळ व बाथरूमच्या सामानाचे दुकान, यांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. ‘रविवारी सकाळी वहिनीने रागाच्या भरात लोखंडी बार उचलून माझ्या तोंडावर मारला व माझे समोरचे दोन दात पाडले,’ असे तिच्यात लिहिले आहे. दोन दात पडले हे खरे आहे. बाकीचे खोटे आहे.

तक्रारीत मागच्या खोलीला तीन वेळा ‘अडगळीची खोली’ म्हटले आहे. ती अडगळीची खोली नाही. ती आमची व्यायामाची खोली आहे. दहा फूट बाय नऊ फूट, एक खिडकी, एक दार. हे आधी दुरुस्त करून घ्यावे, मग मी पुढचे सांगते.

खोलीत व्यायामाचे सामान का आहे, असे मला विचारण्यात आले. अडीच वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. हाड मोडले नव्हते, पण त्यांना उठता येत नव्हते. मी काखेत हात घालून पाहिले, चादर खाली सरकवून ओढून पाहिले. मला त्या उचलवल्या नाहीत. शेजारी कोणी नव्हते. मी दिरांना फोन केला. त्यांचे दुकान दहा मिनिटांवर आहे. ते सव्वा तासाने आले, गिऱ्हाईक होते म्हणाले. तोपर्यंत सासूबाई ओल्या फरशीवर होत्या आणि मी त्यांच्याजवळ बसले होते. त्या सव्वा तासात आम्ही दोघी काय बोललो त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, म्हणून ते सांगत नाही.

त्यानंतर मी रस्त्यापलीकडच्या जिममध्ये चौकशी केली. तिथल्या ट्रेनरने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि ‘मावशी, तुम्ही सकाळी चालायला जात जा’ असे सांगितले. फीचा आकडा ऐकून मी चालतच घरी आले. त्याच आठवड्यात मागची खोली रिकामी करून धुतली.

सामान मी एकदम घेतले नाही. बार एका बंद पडलेल्या जिमचा आहे, वजन दहा किलो, भंगारवाल्याकडून घेतला. खाली अंथरलेले रबर कारखान्यांतल्या माल वाहणाऱ्या जुन्या पट्ट्याचे तुकडे आहेत, तेही त्याच्याकडचेच. वाळूच्या बॅगा मी ताडपत्रीच्या उरलेल्या कापडातून शिवल्या, मुकादमांना विचारून. आत एक पिशवी, बाहेर एक, शिलाई दुहेरी. अडीच वर्षांत एकीतूनही वाळूचा कण सांडलेला नाही. दिरांनी त्यांना तक्रारीत ‘पोती’ म्हटले आहे. पोते शिवायला कोणीही शिवते.

लोखंडी चकत्या परवडत नव्हत्या, म्हणून मी सिमेंटच्या ओतल्या. रंगाच्या बादलीचे बूड चार बोटे उंच कापून साचा केला, मध्ये पाइपचा तुकडा उभा केला. पहिल्या दोन चकत्या उन्हात वाळवल्या आणि त्या तडकल्या. सिमेंट वाळवायचे नसते, पाण्यात भिजत ठेवायचे असते, हे मला शेजारच्या गवंड्याने हसून सांगितले. त्यानंतरच्या सहाही चकत्या शाबूत आहेत. प्रत्येकीचे वजन भंगारवाल्याच्या काट्यावर करून घेतले आहे, सात किलो. जी जास्त भरली ती मी कानशीने घासून कमी केली.

बार ठेवायचा स्टँड वेल्डरने परांचीच्या जुन्या पाइपांतून, म्हणजे बांधकामाला लावतात त्या पाइपांतून, करून दिला. खोली अरुंद म्हणून त्याचे दोन खांब फक्त अडीच फुटांवर आहेत. वेल्डरने तेव्हाच बजावले होते की, स्टँड अरुंद आहे, तर चकत्या काढताना एक इकडची, एक तिकडची अशाच काढायच्या. एक बाजू रिकामी केली तर बार उलटणार. हा नियम मी खडूने भिंतीवर लिहिला आहे. पंचनाम्याच्या फोटोत तो दिसतो. अक्षर चांगले मोठे आहे.

दर शनिवारी मी स्टँडचे नट आवळते, बार तेलाच्या फडक्याने पुसते, रबर उचलून खाली ओल आहे का बघते आणि प्रत्येक चकतीवर हातोडीने हलकेच टकटक करते. चीर गेली असेल तर आवाज बद्द येतो. हे एवढ्यासाठी सांगते की सामान धोकादायक अवस्थेत होते असेही तक्रारीत लिहिले आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. नळाच्या दुकानात कोणत्या नळाला शेवटचे तेल कधी दिले, ते त्यांना विचारावे.

सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडले. ‘म्हातारपणी माझी सर्कस करतेस का गं,’ म्हणाल्या. आता त्या हात न टेकता खुर्चीवरून चौदा वेळा उठतात आणि मी मोजायला चुकले तर मला पुन्हा मोजायला लावतात. गेल्या थंडीत त्या पुन्हा एकदा पडल्या, पलंगाजवळ. मी त्यांना एकटीने उचलले. चार मिनिटांत त्या खुर्चीत बसून चष्मा कुठे गेला म्हणून माझ्यावर ओरडत होत्या. त्या दिवशी मी कोणालाही फोन केला नाही.

तीन महिन्यांपासून दिरांना ती खोली दुकानाच्या मालासाठी हवी आहे. मी नाही म्हणाले. मग त्यांनी नणंदेला घरी बोलावले आणि तिच्यासमोर सांगितले की, वहिनींचे वय झाले, आईला उचलायचे त्यांच्याने होत नाही, आईला वृद्धाश्रमात ठेवू आणि घर भाड्याने देऊ. सासूबाई तिथेच बसलेल्या होत्या. त्यांना कोणी विचारले नाही. मी विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘मी कुठेही जात नाही.’ दीर म्हणाले, आईला काय कळतंय. विषय तिथेच थांबला असे मला वाटले होते.

रविवारी सकाळी मी दहाच्या सुमारास व्यायाम करत होते. बारला दोन्ही बाजूंनी तीन-तीन चकत्या होत्या, एकूण बावन्न किलो. मध्येच सासूबाईंची रक्तदाबाची गोळी संपल्याचे लक्षात आले, म्हणून मी बार तसाच स्टँडवर ठेवून औषधाच्या दुकानात गेले. भरलेला बार तसाच ठेवून जायचे नसते. ती चूक माझी आहे आणि ती माझ्या नावावर लिहावी.

दहा पन्नासला परत आले तेव्हा दारात टेम्पो उभा होता. दार सासूबाईंनी उघडले होते, मुलगा म्हणून. टेम्पोवाला वाळूची एक बॅग ओढत होता. दीर आत बारजवळ होते. त्यांनी उजव्या बाजूच्या दोन चकत्या काढून खाली ठेवल्या होत्या, डाव्या बाजूच्या तिन्ही तशाच होत्या. सासूबाई आतल्या खुर्चीवर बसून त्यांना सांगत होत्या की दोन्हीकडची एकेक काढ. मी उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, ‘भाऊजी, थांबा. ती काढू नका, आधी डावीकडची काढा.’

ते म्हणाले, ‘मला शिकवू नका वहिनी. रोज टनभर माल उचलतो मी.’

सासूबाई पुन्हा म्हणाल्या, ‘अरे, भिंतीवर लिहिलंय ते वाच तरी.’ ते म्हणाले, ‘आई, तू गप बस.’ आणि त्यांनी तिसरी चकती ओढून काढली.

डावी बाजू खाली गेली, उजवे टोक वर आले आणि त्यांच्या तोंडावर बसले. ते मागे पडले. बार स्टँडवरून घसरून त्यांच्या मांड्यांवर आडवा आला. तेव्हा मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते आणि माझ्या एका हातात औषधाची पिशवी, दुसऱ्यात छत्री होती. पिशवी पंचनाम्यात उंबऱ्याजवळच सापडली आहे. टेम्पोवाला बॅग टाकून बाहेर पळाला. तो परत आला तेव्हा सगळे उरकले होते, त्यामुळे त्याने काय पाहिले म्हणून सांगितले असेल ते त्यालाच ठाऊक.

दीर ओरडत होते. मी त्यांना हलू नका म्हणाले, डाव्या बाजूला चकत्यांजवळ सरकून बार दोन्ही हातांनी धरला, त्यांच्या अंगावरून उचलला आणि रबरावर ठेवला. मग ओला टॉवेल दिला. दोन्ही दात शोधून स्वच्छ रुमालात बांधून दिले. ते त्यांनी घेतले. जाताना सासूबाईंकडे पाहिले नाही. दुपारी तीन वाजता ठाण्यातून मला फोन आला.

आज जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी तो बार व त्यावरच्या तीन चकत्या मुद्देमाल म्हणून ठाण्यातल्या खोलीत आणवल्या. आणायला दोन शिपाई लागले. हवालदार मला म्हणाले, ‘ताई, सोपं आहे. एकतीस किलो आहे हे. लिहून द्या, एवढं वजन मला पेलत नाही. मग तुम्ही उचलून मारलंत हे कोणी मानणार नाही. दहा मिनिटांत घरी जाल.’ त्यांनी ते वाक्य टाइपही केले. ते चांगल्या मनाने बोलत होते, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दार उघडे होते. दीर बाहेरच्या बाकावर तोंडाला पट्टी लावून बसले होते आणि त्यांना सगळे ऐकू येत होते. हवालदारांनी त्यांना विचारले की असे लिहून दिले तर तुम्ही तक्रार मागे घ्याल का. त्यांनी लगेच मान हलवली. फार लगेच हलवली.

तेव्हा मला कळले. दात गेले ते गेले, त्यांना आता हा कागद हवा आहे. वहिनीला वजन पेलत नाही, सही तिचीच, शिक्का पोलिसांचा. तो कागद घेऊन ते नणंदेकडे जातील, नंतर वृद्धाश्रमात जातील. आई पडली तर हिला उचलता येत नाही, हे तिनेच लिहून दिलंय म्हणतील. आणि सासूबाईंना पुन्हा कोणी काही विचारणार नाही.

मी खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. बारच्या चकत्यांच्या बाजूला सरकून तो धरला, पाठ सरळ ठेवून मांडीपर्यंत उचलला, दहा मोजले आणि सावकाश खाली ठेवला. फरशीवर आवाज झाला नाही. एका शिपायाने दुसऱ्याकडे पाहिले.

मी म्हणाले, ‘साहेब, लिहा. पेलतं. मी उचलला, पण त्यांच्या तोंडावर नाही, त्यांच्या अंगावरून. दोन्ही लिहा.’

असे लिहिल्यास तक्रार मागे घेतली जाणार नाही, प्रकरण पुढे जाईल, मला वकील द्यावा लागेल व कामावरून रजा घ्यावी लागेल, हे मला समजावून सांगण्यात आले. मला समजले. मी माफी मागणार नाही. खोली रिकामी करणार नाही. सासूबाई जिथे आहेत तिथेच राहतील. त्यांचा जबाब घरी येऊन घ्यावा आणि प्रश्न त्यांनाच विचारावेत, त्यांच्या मुलाला नाही.

आधी टाइप केलेली ‘एवढे वजन मला पेलत नाही’ ही ओळ मी माझ्या हाताने खोडली असून खोडलेल्या जागी सही केली आहे. त्यानंतर हा जबाब मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवण्यात आला. तो बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचावा, अशी मी विनंती केली. हवालदारांनी ती मान्य केली व उभे राहून जबाब वाचला. मी सांगितले तेच लिहिले आहे, त्यात कमी-जास्त काही नाही.