मनोऱ्याचं अर्धं तिकीट

भावजय: आणि समजा मधेच पाय लटपटला तर? दोनशे अठरा पायऱ्या आहेत ताई, अठरा नव्हेत.

नणंद: दोनशे अठराच. पुस्तिकेत छापलंय. मला वाचता येतं, मेंदूचा तो भाग शाबूत आहे.

भावजय: तसं नव्हतं हो म्हणायचं मला.

नणंद: दांड्याला धर, वळण येतंय. तू पडलीस तर तुला कोण उचलणार?

भावजय: मी कशाला पडतेय! ते गृहस्थ उठताहेत बघा तुमच्यासाठी. बसा ना जरा.

नणंद: बसू देत त्यांना. उभं राहायचा सराव करतेय मी. पहिल्यांदा मत्स्यालयात गेलो, तेव्हा ह्याच बसमध्ये मला व्हीलचेअरसकट पट्ट्याने बांधून ठेवलं होतं. आठवतंय?

भावजय: आठवतंय तर! सबंध वेळ माशांऐवजी तुमच्या मानेकडे बघत होते मी. एका बाजूला कलायची.

नणंद: आता कलते का?

भावजय: नाही. पण ताई, सहा ठिकाणं झाली की. संग्रहालय, तारांगण, काचघर, प्राणिसंग्रहालय, होडी, सगळं बघून झालं. एक राहिलं तर काय बिघडलं?

नणंद: बाही सोडून सदरा देते का कुणी गिऱ्हाइकाला? दहा वर्षं पास काढतेय, दर वेळी ही पुस्तिका सोबत मिळायची आणि मी तिच्यात टाचण्या टोचून ठेवायचे. आजारपणात पडल्यापडल्या वाचायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा उघडली. बसचा पास दाखवा, सात ठिकाणी अर्धं तिकीट, सोबतच्या माणसालाही अर्धंच. इतकी वर्षं ह्या बसवाल्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचे युनिफॉर्म शिवले, पण बस जिथे जाते तिथे मी कधी उतरलेच नव्हते.

भावजय: ते खरंय.

नणंद: आणि मनोऱ्याचं म्हणशील, तर बाळ्या काय म्हणाला? "ताई, तू मनोरा चढून दाखव, मग खुशाल एकटी राहा." तुझ्यासमोर म्हणाला.

भावजय: चेष्टेत म्हणाले हो ते.

नणंद: मी चेष्टेत ऐकलं नाही. चल, आला स्टॉप. काठी मी घेते, तू फक्त पुढे हो.

भावजय: सावकाश. ही खिडकी बघा तिकिटाची. तुम्ही इथे टेका, मी काढते.

नणंद: पास माझा आहे, मीच काढणार. अहो, दोन अर्धी द्या. हा पास, आणि ही माझ्या सोबतीला.

खिडकीवाला: लिफ्ट नाहीये बरं का वर जायला.

नणंद: माहीत आहे. असती तर आले नसते.

खिडकीवाला: बरं. पासावर सवलत हवी असेल तर ह्या वहीत सही करा. पासावरच्या सहीशी जुळली पाहिजे.

भावजय: सही? बाकी कुठे नाही मागितली हो कुणी!

खिडकीवाला: बाकीच्यांचं मला माहीत नाही. आमच्याकडे लागते.

भावजय: अहो, नऊ महिन्यांपूर्वी झटका आला ह्यांना. उजवी बाजू गेली होती सगळी. ती सही त्याच्या आधीची. फोटो बघा की, फोटो ह्यांचाच आहे.

खिडकीवाला: दिसतंय मला. पण तपासणीवाले फोटो बघत नाहीत, वही बघतात. मागे एक बाई शेजारणीचा पास घेऊन आल्या, तेव्हा माझी बदली होता होता राहिली.

भावजय: मग पूर्ण तिकीट द्या. दोन द्या.

नणंद: पर्स बंद कर.

भावजय: ताई, एवढ्यातेवढ्या पैशांसाठी कशाला...

नणंद: पैशांसाठी नाही. पूर्ण तिकिटाला सही लागत नाही ना हो?

खिडकीवाला: नाही लागत.

नणंद: म्हणूनच नको. पेन द्या. हे बारीक नको, ते जाड द्या.

भावजय: निदान डाव्या हाताने तरी करा.

नणंद: डाव्या हाताची सही जुळेल कशी? वही जरा इकडे सरकवा. आणि तू माझ्या कोपराला हात लावू नकोस.

खिडकीवाला: होऊ दे निवांत. मागे कुणी नाहीये.

भावजय: मागे चार माणसं उभी आहेत हो.

खिडकीवाला: थांबतील ती.

भावजय: ताई, घाम फुटलाय तुम्हाला. राहू दे ना.

नणंद: काज करणाऱ्याशी बोलू नये. टाका चुकतो.

भावजय: बरं, नाही बोलत.

नणंद: झाली. बघा.

खिडकीवाला: हे शेवटचं अक्षर पार रेघेखाली घसरलंय.

नणंद: पासावरही घसरलंय. रेघेवर थांबायची सवय मला तेव्हाही नव्हती.

खिडकीवाला: खरंच की. अं... जुळते. अगदी जुळते. ही घ्या दोन अर्धी. पाचला दार बंद होतं, पाव तास आधी मी खालून घंटा देतो. चढताना कठडा डाव्या हाताला आहे.

नणंद: उत्तम. डावा माझा चांगला आहे.

(मनोऱ्याच्या आत, गोल जिन्यावर.)

भावजय: थांबा, थांबा. किती झाल्या?

नणंद: चौसष्ट.

भावजय: चौसष्टच? मला वाटलं पोचलोच.

नणंद: चांगला पाय वर, मग दुबळा, मग श्वास. फिजिओवाल्या बाईंनी घोकून घेतलंय माझ्याकडून. तुझे दोन्ही चांगले, तरी धापा टाकतेस.

भावजय: आठ आठ तास हॉस्पिटलच्या लाँड्रीत उभी असते हो मी. ओल्या चादरी उचलून बघा एकदा.

नणंद: म्हणून तर म्हणते, बस त्या खिडकीत. वारा आहे.

भावजय: ताई, एक सांगायचंय.

नणंद: वर गेल्यावर सांग.

भावजय: वर गेल्यावर सांगितलं तर तुम्ही मला कधी माफ करणार नाही. टेम्पो ठरलाय. परवा सकाळचा. तुमचं कपाट, पलंग, शिलाई मशीन, सगळं आमच्याकडे आणायचं ठरलंय. तुम्ही मनोरा चढलात तरी आणि नाही चढलात तरी.

नणंद: कधी ठरलं हे?

भावजय: तीन आठवडे झाले.

नणंद: म्हणजे बाळ्या मला मनोऱ्याचं म्हणाला त्याच्याही आधी.

भावजय: हो. त्यांना वाटलं, तुम्ही काही चढायला जाणार नाही.

नणंद: आणि तुला आज सुट्टी काढून माझ्यासोबत कशाला पाठवलं?

भावजय: तुम्ही अर्ध्यातून परत फिराल, तेव्हा समजूत घालायला कुणी जवळ असावं म्हणून.

नणंद: असं होय. मी हरणार आणि तू माझे डोळे पुसणार.

भावजय: रागवा. बोला मला काय बोलायचंय ते.

नणंद: बाळ्याचं राहू दे. तुला काय वाटतं ते सांग.

भावजय: मला भीती वाटते.

नणंद: कसली?

भावजय: त्या दिवशी तुमचं दार मी उघडलं, ताई. ह्यांनी नाही. नळ तसाच वाहत होता. तुम्ही ओट्याखाली पडलेल्या, पाठ सगळी भिजलेली. डोळे उघडे. माझ्याकडे बघत होता, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. पाच तास पडून होता तुम्ही. तेव्हापासून तुम्ही फोन उशिरा उचललात, की माझ्या हातातली चादर गळून पडते. मला तुमची खोली नको, कपाट नको. तुम्ही डोळ्यांसमोर असाव्यात, एवढंच.

नणंद: हे कधी बोलली नाहीस मला.

भावजय: कधी बोलणार? दोन महिने भरवलं तुम्हाला, आंघोळी घातल्या. वाचा परत आल्यावर तुमचं पहिलं वाक्य कोणतं होतं, आठवतंय? "माझी किल्ली कुठाय?"

नणंद: लागलं तुला ते.

भावजय: लागणारच ना.

नणंद: मी घाबरले होते गं. तुझ्या हाताची सवय लागली असती मला. तू भरवायचीस, तर एक शीत खाली सांडायचं नाही. वाटायचं, पडून राहावं असंच. वाईट हाताने भरवलं असतंस, तर एवढी घाई केली नसती मी बरं व्हायची.

भावजय: काहीतरीच.

नणंद: काहीतरी नाही. खरं तेच. राहिल्या किती? दोनशे अठरातून चौसष्ट गेल्या...

भावजय: एकशे चोपन्न. पण आता कशाला ताई? टेम्पो ठरलाय म्हटलं ना मी.

नणंद: टेम्पो बाळ्याने ठरवलाय. मनोरा मी ठरवलाय. तू बस इथे, मी येते जाऊन.

भावजय: वा! सोबत म्हणून अर्ध्या तिकिटात आलेय, अशी कशी बसेन?

नणंद: मग मागून ये. आणि बोलू नकोस, मी मोजतेय.

भावजय: नव्वदला थांबा हं. थांबलात का? बरं, शंभरला थांबा.

नणंद: एकशे वीसला थांबू. तिथे खिडकी आहे.

भावजय: ताई, पाय घासतोय तुमचा. उजवा. उचला, उचला तो... ताई! ताई! अगं बाई, पडल्या! लागलं का? अहो, कुणी आहे का वर?

नणंद: ओरडू नकोस. गुडघा टेकलाय फक्त. डोकं आपटलं नाही.

भावजय: द्या, हात द्या. मी काखेत धरते.

नणंद: हात लावू नकोस.

भावजय: अहो, पण...

नणंद: लावू नकोस म्हणते ना! दोन पायऱ्या खाली जा आणि बघ. तोंड झाकून नको, नीट बघ. हे डावं कोपर. त्याच्यावर सगळा भार. आता कुशीवर. हा गुडघा पोटाशी घेतला. आता कठड्याचा खालचा गज. काठी दे.

भावजय: ही घ्या.

नणंद: वरचा गज. आणि हा... हा... उठले.

भावजय: उठलात.

नणंद: त्या दिवशी मला हे येत नव्हतं. आता येतं. दोन महिने रोज सकाळी चटईवर मुद्दाम आडवी होते आणि उठते. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली होती. रडले, पण उठले. डोळे पूस आता, पायऱ्या दिसायच्या नाहीत तुला.

भावजय: मला का नाही सांगितलंत?

नणंद: सांगून तुला पटलं असतं? चल. एकशे सोळा. पुढची एकशे सतरा.

भावजय: मी मोजते आता. तुम्ही श्वास घ्या. एकशे अठरा. एकशे एकोणीस.

नणंद: वीस. हं, आता दोन मिनिटं थांबू.

भावजय: पाच थांबा. घंटेला वेळ आहे. गुडघा बघू द्या, रक्त आलंय?

नणंद: खरचटलंय. शिलाई मशीनची सुई बोटातून आरपार गेलेली माणसं आम्ही, ह्याला रक्त म्हणत नाही.

भावजय: चला मग. एकशे एकवीस...

(मनोऱ्याच्या टोकाजवळ, शेवटच्या पायऱ्यांवर.)

भावजय: दोनशे पंधरा. दोनशे सोळा. घाई नको, घाई नको. सतरा. ताई, उजेड!

नणंद: अठरा.

भावजय: केवढा वारा आहे! धरा, कठडा धरा आधी. बाई गं, मी कठड्याजवळ काही यायची नाही, गरगरतं मला. तुम्हीच सांगा काय दिसतं ते.

नणंद: आगार दिसतंय. बसगाड्या ओळीने लावल्यात, बॉबिनी ठेवल्यासारख्या. ड्रायव्हर लोक फिरताहेत. इथून युनिफॉर्म दिसतच नाहीत गं, नुसते ठिपके. तीस वर्षं उगाच कॉलर सरळ बसवत बसले.

भावजय: हसू नका एवढ्या, तोल जाईल.

नणंद: नाही जात. तू काय शोधतेस पर्समध्ये?

भावजय: फोन. हॅलो. अहो, मीच. हो, वर आहोत. वर म्हणजे वर, टोकाला. दोघी. नाही, कुणी उचलून नाही आणलं. ऐका. टेम्पोवाल्याला फोन करा आणि नको म्हणून सांगा. मी सांगतेय म्हणून. मधे पडल्या त्या. हो, पडल्या, आणि आपल्या आपण उठल्या. माझ्या डोळ्यांदेखत. मी बोटसुद्धा लावलं नाही. भीती मलाही वाटते, तुमच्यापेक्षा जास्त वाटते, दार मी उघडलं होतं. तरी सांगतेय. ठेवते.

नणंद: अगं...

भावजय: थांबा, तुम्हालाही सांगायचंय. रोज सकाळी सातला फोन करायचा. पाच मिनिटं उशीर झाला, तर मी बस पकडून येणार, तुम्ही चिडा नाहीतर काही करा. आणि तुमची एक किल्ली माझ्याकडे राहणार. ह्यात वाद नाही.

नणंद: सव्वासात कर. सातला मी चटईवर असते.

भावजय: सव्वासात.

नणंद: किल्ली घरी पोचल्यावर देते. घंटा झाली बघ. उतरायला मला चढण्याहून जास्त वेळ लागतो, आणि कठडा आता उजवीकडे येणार. तुझा खांदा लागेल.

भावजय: हा घ्या. नीट टेका, भार द्या.

नणंद: काय म्हणाला गं तो शेवटी?

भावजय: काहीच नाही. गप्प बसले. मला वाटलं फोन कटला.

नणंद: कटला नसणार. लहानपणी रडू आलं की असाच गप्प बसायचा तो. खाली गेल्यावर मी करते त्याला फोन.

भावजय: काय बोलाल?

नणंद: जेवलास का, म्हणून विचारीन.